मोळी उचलल्यानंतरची आंघोळ

बालपणी वाचलेले एखादे पुस्तक माणसाच्या अंतःकरणात किती खोल जाऊन बसते, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. शाळेत पाठ केलेल्या कविता विसरल्या जातात, धर्मशिक्षणाच्या वर्गातील प्रश्नोत्तरेही पुढे पुसट होतात; परंतु कथेतील एखादा प्रसंग मात्र पन्नास वर्षे उलटली तरी जागचा हलत नाही. तो आवडतो म्हणूनच टिकतो असेही नाही. कधी कधी तो पायात मोडलेल्या काट्यासारखा टिकून राहतो. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या पुस्तकातील असाच एक प्रसंग आमच्या मनात रुतलेला आहे. त्याच्या निमित्ताने एका नैतिक प्रश्नाचा विचार वाचकांसमवेत करावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. प्रश्न असा : चांगले कृत्य करून झाल्यावर आपण पुन्हा आपल्या जुन्याच जागी परत जातो काय? आणि जात असलो, तर त्या कृत्याचे मोल किती उरते?

पुस्तकाची ओळख मराठी वाचकाला करून देण्याची गरज नाही. गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी लेखनास आरंभ झाला आणि १३ तारखेस ते पूर्णही झाले. १९३५ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. कोणी त्यास कादंबरी म्हणतात, कोणी आत्मकथा. आश्रमातील मित्रांना श्याम रोज रात्री आपल्या आईची एक आठवण सांगतो आणि अशा बेचाळीस रात्रींतून ती माउली आपल्यापुढे उभी राहते. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. महाराष्ट्रातील कित्येक घरांत हे पुस्तक तीन-तीन पिढ्यांनी वाचले आहे, आणि ती सारीच घरे हिंदू नाहीत. त्यांपैकी एक घर आमचे होते.

आम्ही ते वाचले मुखेड येथे, १९७२ साली. मुखेड हा नांदेड जिल्ह्यातील तालुका. बालाघाटच्या डोंगररांगा जेथे पूर्वेकडे उतरत जातात, तेथे तो वसला आहे. कर्नाटक आणि आजचे तेलंगण यांच्या सीमा जवळ असल्याने बाजारात मराठीबरोबर कानडी, तेलुगू आणि उर्दू हेही शब्द कानी पडत. श्यामचे कोकण आम्हांला परक्या मुलुखासारखे वाटे. समुद्र आम्ही पाहिला नव्हता, माड-पोफळीच्या बागा पाहिल्या नव्हत्या. पावसाळ्यात दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, ही गोष्ट तर त्या वर्षी निव्वळ थट्टाच वाटली; कारण ते दुष्काळाचे वर्ष होते. विहिरी आटल्या होत्या, ज्वारी उभ्या उभ्या करपली होती. आमची माय आणि बाबा दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात. कामावर सुकडी मिळे, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळे, आणि त्यांवर घर चाले.

गावात ख्रिस्ती घरे अगदी मोजकी होती. आमच्यासाठी चर्चची इमारत नव्हती. दोन-तीन महिन्यांतून एकदा फादर येत आणि अंगण सारवून, त्यावर चादर अंथरून मिस्सा होई. औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना झाली ती पुढे, डिसेंबर १९७७ मध्ये. तोवर आमचे खरे धर्मशिक्षण घरातच चाले आणि ते आजीच्या मुखातून मिळे. आजीला अक्षरओळख नव्हती. परंतु सर्व प्रार्थना तिला मुखोद्गत होत्या आणि जपमाळेशिवाय ती निजत नसे. तिचा स्नानसंस्कार उतारवयात झाला होता. त्या दिवसाची एक गोष्ट ती वारंवार सांगे. मस्तकावर पाणी घेण्यापूर्वी तिने फादरांना विचारले होते, ‘‘हे पानी एकदाच घ्यायचं, का दर साली?’’ फादर म्हणाले होते, ‘‘एकदाच, आजी. पुन्हा कधीही नाही.’’ ही गोष्ट सांगताना आजीच्या मुद्रेवर जे समाधान दिसे, त्याचा अर्थ आम्हांला तेव्हा कळला नाही.

शाळेत सहावीच्या वर्गाला आमचे गुरुजी शेवटच्या तासाला ‘श्यामची आई’ वाचून दाखवीत. आमचा लळा पाहून त्यांनी ते पुस्तक आम्हांला घरी नेऊ दिले. मग संध्याकाळी चिमणीच्या उजेडात आम्ही वाचू लागलो आणि आजी ऐकू लागली. दिवसभर खडी फोडून आलेली मायही भिंतीला टेकून ऐके. ‘थोर अश्रू’ ही सहावी रात्र वाचली, तेव्हा आंघोळ झालेल्या श्यामच्या पायांना माती लागू नये म्हणून आई धोंड्यावर आपले ओचे पसरते, हे ऐकून माय काही न बोलता आमच्या मळक्या पायांकडे पाहत राहिली. पायांस जपतोस तसे मनास जप, हा त्या आईचा बोध आमच्या घरात पुढे वर्षानुवर्षे पापनिवेदनास जाण्यापूर्वी आठवला जाई. कर्जाची प्रकरणे आली, सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेला अपमान आला, तेव्हा आजी चकित होऊन म्हणाली, ‘‘बामनाच्या घरी बी सावकार येतो व्हय?’’ निजामाच्या राजवटीत तिचे तारुण्य वेठीत गेले होते. दुःख हे फक्त गावकुसाबाहेरच राहते, अशी तिची समजूत होती. एका पुस्तकाने ती समजूत पुसली. परक्या घराच्या दुःखासाठी रडावयास शिकणे हा सद्गुणाचा पहिला धडा आहे, आणि तो आमच्या आजीने साठी ओलांडल्यावर, एका ब्राह्मण आईच्या निमित्ताने गिरविला.

मग पंचविसावी रात्र आली. तिचे नाव ‘देवाला सारी प्रिय’. एक वृद्ध महार स्त्री लाकडांची मोळी घेऊन निघालेली असते. मोळी खाली पडते. ती पुन्हा डोक्यावर चढविण्यास कोणी हात लावीत नाही, कारण तिला शिवावयाचे नाही. श्यामची आई हे पाहते आणि मुलाला सांगते की, जा आणि तिला मोळी उचलून दे. त्यासोबत ती आणखी एक गोष्ट सांगते : मग घरी येऊन आंघोळ कर.

हे आम्ही शाळेत एकदा ऐकले होते. त्यामुळे पुढे काय येणार ते ठाऊक होते. आमची आजी मुखेडच्या भोवतालच्या डोंगरांतून सरपणाच्या मोळ्या आणून बाजारात विकीत असे. तिच्या डोक्याच्या मध्यभागी केस विरळ झाले होते ते त्या मोळ्यांनी. आम्ही वाचीत गेलो आणि आंघोळीचे वाक्य आले, तेव्हा ते गाळले. इतका वेळ आम्ही श्याम होतो. त्या एका वाक्यापाशी आम्हांला उमगले की, या कथेत आम्ही श्याम नाही. आम्ही त्या मोळीखालच्या म्हातारीची नातवंडे आहोत.

आजी क्षणभर गप्प राहिली. मग तिने विचारले, ‘‘मंग आंघोळ केली का रं त्यानं?’’

‘‘न्हाई,’’ आम्ही म्हणालो.

आजी हसली. ‘‘केली असंल, लेकरा. त्याला त्याच्या घरात ऱ्हायचं हाय. पर वझं तर उचलू लागला. आमच्या वक्ताला तेबी कुनी करत नव्हतं.’’

आम्ही खोटे बोललो होतो, हे तिने ओळखले होते. तरीही तिने रागावून त्या मुलाला झिडकारले नाही आणि खोट्या समाधानाने आंघोळ नाकारलीही नाही. दोन्ही गोष्टी तिने शेजारी शेजारी ठेवल्या : ओझे उचलले हे खरे, आणि आंघोळ केली असणार हेही खरे. वाङ्मयाचा अभ्यास केलेल्या अनेकांना हा समतोल साधत नाही. काहीजण पुस्तकातील करुणेने इतके भारावतात की त्यांना ती आंघोळ दिसतच नाही. काहीजणांना केवळ आंघोळच दिसते, आणि ते सारे पुस्तक बाजूस सारतात. आजीने पुस्तक बाजूस सारले नाही. दुसऱ्या दिवशी सव्विसावी रात्र वाचण्यास तिनेच बसविले.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. आमच्या परिचयातील काही श्रद्धाळू मंडळी विचारतात की, व्रते, तुळस, पुनर्जन्म यांनी भरलेले हे पुस्तक ख्रिस्ती मुलांच्या हाती द्यावेच कशाला? शुभवर्तमान आहे, संतचरित्रे आहेत. तेवढे पुरेसे नाही काय? या प्रश्नामागील काळजी आम्ही समजू शकतो. परंतु संत ऑगस्टीन यांचे उदाहरण लक्षात घ्यावे. आपल्या वयाच्या एकोणिसाव्या वर्षी सिसेरो या रोमन ग्रंथकाराचे ‘हॉर्टेन्सियस’ हे पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि त्या वाचनाने आपल्या मनाची दिशाच पालटली, असे ते आपल्या आत्मनिवेदनात कृतज्ञतेने सांगतात. सिसेरो ख्रिस्ती नव्हता. तो ख्रिस्तजन्मापूर्वीच मरण पावला होता. त्या पुस्तकात ख्रिस्ताचे नाव नाही, ही उणीवही ऑगस्टीन यांना जाणवली. परंतु म्हणून त्यांनी त्याचे ऋण नाकारले नाही. इतर धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे, त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, ही भूमिका दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट शब्दांत मांडली. शिवाय मराठी वाङ्मय हे आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांचेही घर आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली आणि पुढच्याच वर्षी ‘श्यामची आई’ आली. दोन्ही पुस्तके मराठी घरांनी सारख्याच प्रेमाने सांभाळली. याच मराठवाड्यात, उस्मानाबाद येथे, जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे होते. घर आपले आहे म्हटल्यावर त्यातील देव्हारा पाहून दारातच थबकण्याचे कारण नाही, आणि त्यात काही खुपले तर ते बोलून दाखविण्याचाही अधिकार आपणांस आहे.

म्हणून आता त्या खुपणाऱ्या आंघोळीकडे वळू.

श्यामच्या आईला दोष देणे सोपे आहे. परंतु तिच्या काळाचा आणि गावाचा विचार केला, तर मुलाला मोळी उचलावयास पाठविणे हेच मोठे धैर्य होते, हे मान्य करावे लागेल. तिच्या हृदयाने एक पाऊल पुढे टाकले. तिच्या रूढीने ते पाऊल पुसून घेतले. परंतु ते पुसले गेले काय? ज्या मुलाला तिने पाठविले, तो मुलगा मोठा झाला. गुरुजींच्या आई १९१७ साली निवर्तल्या. त्यानंतर तीस वर्षांनी, मे १९४७ मध्ये, त्याच मुलाने पंढरपूर येथे विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. त्यापूर्वी त्यासाठी त्याने महाराष्ट्रभर दौरा केला होता. दहा दिवसांच्या उपोषणानंतर मंदिर खुले करण्याचे मान्य झाले. आईने मोळीपाशी पाठविले आणि आंघोळीपाशी परत बोलाविले. मुलगा मोळीपाशी गेला, आणि कालांतराने त्याने परत येण्याचे नाकारले. आईची आज्ञा त्याने मोडली असे कोणी म्हणेल. आमच्या मते तिच्या आज्ञेतील चांगला अर्धा भाग त्याने पूर्णत्वास नेला.

बालपणीच्या पुस्तकाकडे कसे पाहावे, याचे उत्तर आम्हांला येथे सापडते. मूल्ये ही पुस्तकातून तयार वस्तूंसारखी उचलून घ्यावयाची नसतात. पुस्तक आपणांस एका ठिकाणी आणून सोडते आणि तेथून पुढचे चालणे आपले असते. पुस्तकावर खरे प्रेम करणारा वाचक त्याच्याही पुढे जातो. गुरुजी स्वतः आपल्या पुस्तकातील मुलाच्या पुढे गेले.

हे सारे लिहिताना असा समज होऊ नये की, आंघोळ ही दुसऱ्यांची गोष्ट आहे आणि आपण ख्रिस्ती लोक तिच्यापासून मुक्त आहोत. पवित्र शास्त्रच आपणांस तसे समजू देत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत, दहाव्या अध्यायात, पेत्राला यापो येथे दृष्टांत होतो. आणि ज्यास देवाने शुद्ध केले त्यास अशुद्ध समजू नये, हे त्याला कळते. तो कैसरियास कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरात जातो. यहुदी माणसाने परजातीयाच्या घरी जाण्याची चाल नसताना जातो. पेत्राने मोळी उचलली. परंतु गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल काय सांगतो? अंत्युखियात पेत्र परजातीयांबरोबर जेवीत असे. पण याकोबाकडील काही माणसे येताच तो भयाने मागे सरला आणि वेगळा राहू लागला. पेत्राने आंघोळ केली. ज्या शिळेवर ख्रिस्तसभा उभारली गेली, त्या शिळेचीही ही गोष्ट! पौलाने त्यास सर्वांसमक्ष विरोध केला आणि ख्रिस्तसभेने ती लाजिरवाणी हकीकत आपल्या पवित्र ग्रंथातून गाळली नाही. आम्ही आजीसमोर जे वाक्य गाळले, तशा प्रकारचे वाक्य पौलाने लिहून ठेवले.

आता आमचे स्वतःचे निवेदन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. किल्लारी आणि भोवतालची गावे जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी आम्ही नोकरीनिमित्त एका मोठ्या शहरात होतो. धर्मग्रामातील तरुणांबरोबर आम्ही कपडे, भांडी आणि धान्य घेऊन तिकडे गेलो. आपल्या मराठवाड्यात मदत घेऊन जातो आहोत, याचा अभिमान मनात होता. एका पत्र्याच्या निवाऱ्यापाशी आम्ही घोंगड्या उतरविल्या. तेथील एका वृद्धेने तीन दगडांच्या चुलीवर चहा केला आणि जर्मनच्या वाटीत आमच्यापुढे धरला. वाटी मळकी होती. पाणी कोठले, ठाऊक नव्हते. आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, ‘‘नको आजी, पुढच्या गावाला जायचे आहे.’’ ती म्हणाली, ‘‘घ्या की. तुमचं आम्ही घेतलंच की.’’ आम्ही घेतला नाही. गाडीत बसल्यावर आम्ही बाटलीतल्या पाण्याने हात धुतले.

त्या रात्री परतीच्या वाटेवर, एकवीस वर्षांनंतर, आम्हांला ती पंचविसावी रात्र आठवली. मोळी उचलून झाली होती. आंघोळही झाली होती. आणि यावेळी आम्ही म्हातारीची नातवंडे नव्हतो. आम्ही श्याम होतो, आणि तेही त्या लहान श्यामइतके निरागस नव्हतो. त्याला आंघोळ आईने सांगितली होती. आमची आम्हीच योजिली होती.

मग ध्यानात आले की, अशी आंघोळ हजार प्रकारांनी करता येते आणि तिला पाणी लागतेच असे नाही. मोलकरणीच्या मुलाची फी आपण भरतो आणि तो आपल्या मुलाच्या बाकावर बसलेला पाहून शाळा बदलण्याचा विचार करतो. उपवासकाळात गरिबांसाठी पाकीट टाकतो आणि पुनरुत्थानाच्या सणाला त्यांना आमंत्रण देण्याचे आपल्या मनातही येत नाही. दान देताना छायाचित्र काढतो आणि त्या छायाचित्रात आपण उभे कोठे, ते कोठे, हे आपोआप ठरते. दान देणे ही मोळी. पण देणारा आणि घेणारा यांतील अंतर पूर्ववत राखणे ही आंघोळ. त्या वृद्धेने चहा पुढे केला तेव्हा ती आम्हांला ते अंतर मिटविण्याची संधी देत होती. आपण ज्याला देतो त्याच्याकडून काही घेतले, तरच देणे पुरे होते, हे त्या निवाऱ्यातील निरक्षर स्त्रीला कळले होते.

ख्रिस्तसभेतील एक दुखणेही येथे सांगितले पाहिजे. शहरातील एका धर्मग्रामात सणाच्या जेवणावेळी आम्हांला प्रेमाने पान वाढले गेले आणि मग हलक्या आवाजात विचारले गेले, ‘‘तुम्ही मूळचे कोण?’’ विचारणारी व्यक्ती भली होती. प्रश्नामागे दुष्टावा नव्हता. परंतु उत्तर ऐकल्यानंतर संभाषण ज्या रीतीने आटोपले, त्याने आम्हांला मुखेडच्या चिमणीच्या उजेडात नेऊन बसविले. विवाह जुळविताना, पंगतीत, दफनभूमीतही हा प्रश्न आपल्या देशात ठिकठिकाणी विचारला जातो. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाविषयीचे धोरण जाहीर केले आणि जातिभेदाची प्रथा ख्रिस्तसभेतही आहे, अशी प्रांजळ कबुली त्यात दिली. रोग आहे हे म्हणणे ही उपचाराची सुरुवात असते. पौलाने अंत्युखियात तेच केले होते.

आणि येथे आजीच्या त्या जुन्या प्रश्नाचा अर्थ आम्हांला अखेर उलगडला. ‘‘हे पानी एकदाच घ्यायचं, का दर साली?’’ जन्मभर तिने पाहिले होते की, आपल्या स्पर्शानंतर लोक आंघोळ करतात. आज केली तरी उद्या पुन्हा करावी लागते, कारण उद्या पुन्हा कोणी शिवणार असते. ही आंघोळ कधी संपतच नाही. ती माणसाला माणसापासून दूर नेते, आणि दूर ठेवण्यासाठी ती पुनःपुन्हा करावी लागते. स्नानसंस्कार मात्र एकदाच होतो. ख्रिस्तसभा तो कोणासही दुसऱ्यांदा देत नाही. त्या पाण्याने आपण कोणापासून वेगळे होत नाही. एकाच देहाचे अवयव होतो. ज्यांचा ख्रिस्तामध्ये बाप्तिस्मा झाला, त्यांच्यात यहुदी आणि हेल्लेणी, दास आणि स्वतंत्र असा भेद उरला नाही, हे पौलाने त्याच गलतीकरांस कळविले, ज्यांना पेत्राची हकीकत कळविली. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात याव्यात, हा योगायोग आहे असे आम्हांला वाटत नाही. स्नानसंस्कार घेतल्यावरही जो जुनी आंघोळ करीत राहतो, तो आपल्या त्या एकमेव स्नानावरच अविश्वास दाखवितो. आजीच्या मुद्रेवरील समाधानाचे कारण हेच असावे. तिला असे एक पाणी मिळाले होते, जे तिच्यापासून शुद्ध होण्यासाठी कोणाला वापरता येणार नव्हते.

पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात, तो विधी आपण दरवर्षी पाहतो. २०१६ सालापासून त्यात स्त्रियांचाही समावेश करण्याची मोकळीक पोप फ्रान्सिस यांनी दिली. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशूने हातात पाणी घेतले ते स्वतःस शुद्ध करण्यासाठी नव्हे. त्याने दुसऱ्यांचे पाय धुतले. मुलाच्या पायांखाली आपले वस्त्र पसरणारी ती कोकणातील आईही त्या रात्रीच्या फार दूर नव्हती. तिचे वस्त्र मळले असेल, आणि तिला त्याचे काही वाटले नसेल. आम्हांस वाटते, ज्या आईने आपल्या मुलाच्या पायांसाठी हे केले, तिने मोळीवालीच्या पायांसाठीही ते केले असते. फक्त मधली एक भिंत तिला ओलांडता आली नाही. ती भिंत तिच्या मुलाने ओलांडली. आमच्या वाट्याच्या भिंती आम्हांलाच ओलांडाव्या लागतील.

आजी जाऊन आता अनेक वर्षे लोटली. त्या चहाच्या वाटीचे ऋण फेडण्याचा मार्ग नाही. कारण ती वृद्धा कोठली, तिचे नाव काय, हेही आम्ही विचारले नव्हते. गेल्या उन्हाळ्यात आमची नात सुटीत आली आणि कपाटातील ‘श्यामची आई’ काढून आम्हांला वाचून दाखवू लागली. आमचे डोळे आता अधू झाले आहेत. ऐकण्याची पाळी आमची आहे. पंचविसाव्या रात्री ती अडखळली. पुढचे वाक्य तिने मनातल्या मनात वाचले असावे. तिने आमच्याकडे पाहिले आणि पान उलटण्यास हात नेला.

‘‘थांब, बाळ,’’ आम्ही म्हणालो. ‘‘ते वाक्यही वाच.’’

तिने वाचले. मग विचारले, ‘‘आजोबा, त्याने आंघोळ का केली?’’ त्या संध्याकाळी पुढची रात्र वाचून झाली नाही. आम्ही तिला मुखेडची मोळी सांगितली, किल्लारीकडील चहाची वाटी सांगितली, आणि पंढरपूरचे उपोषण सांगितले. वाटीची गोष्ट सांगताना वाक्य गाळण्याचा मोह आम्हांलाही झाला. परंतु पौलाने पेत्राचे लिहिले, गुरुजींनी आपल्या आईचे लिहिले. तेव्हा आम्ही आपले झाकून ठेवण्यात अर्थ नव्हता.

वाचकहो, आपल्या मुलांच्या हाती हे पुस्तक द्यावे, आणि त्यातील एकही वाक्य गाळू नये. मुलांना त्यातील आई आवडेल. ती आवडू द्यावी. मग कधीतरी पंचविसाव्या रात्री त्यांच्याबरोबर बसावे आणि आपल्या घरातील आंघोळी कोणत्या, हे त्यांच्याबरोबर शोधावे. मुले ते आपल्याहून लवकर शोधतील. तेव्हा आपण रागावू नये, एवढीच विनंती.